कुणाच्या घरचं पुस्तक

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं 'बाई जरा जास्तच बोलल्या' असं कुणी म्हणायला नको. बोललेच मी. नोकरीची सगळी वर्षं बेळगावजवळ मच्छ्याच्या एका हायस्कुलात मराठी शिकवण्यात गेली. शाळेच्या कुंपणाला लागून लेथ मशीनचं वर्कशॉप होतं आणि त्या घरघरीवर आवाज चढवून मी पोरांना कविता शिकवल्या. रिटायर झाले, वर्कशॉप मागं राहिलं, पण आवाज काही खाली आला नाही. घरचे म्हणतात, तू 'चहा घेणार का' असं विचारलंस तरी माणूस दचकून उभा राहतो.

रिटायर झाल्यावर आम्ही निपाणीच्या बाजूला, माझ्या सासरगावी राहायला आलो. गावात जुनं मराठी वाचनालय आहे. पुढं पेपर वाचायची खोली, मधे पुस्तकं देण्याघेण्याची, आणि मागं एक लांबट अंधारी खोली. आधीचा ग्रंथपाल सोडून गेला होता. अध्यक्ष मला म्हणाले, "सकाळचे दोन-तीन तास बसा की, बाई. रिकाम्याच आहात." अध्यक्ष म्हणजे गावातले वकील. कोर्टात जाणं त्यांनी आता कमी केलंय, पण बोलणं अजून कोर्टातलंच आहे. ते 'रिकाम्याच आहात' मला झोंबलं, तरी मी हो म्हटलं. पुस्तकांत बसायला मिळत होतं, आणखी काय पाहिजे?

वाचनालय उघडायचं, झाडायचं, पुस्तकं पुसायची हे काम एक बाई करत होत्या. वय पासष्टीच्या पुढं, काटक, हातात कायम फडकं. सगळा गाव त्यांना आक्का म्हणतो, मीही म्हणायला लागले. मी रुजू झाले आणि दहाव्या दिवशी आक्का माहेरच्या जत्रेला गेल्या. जाताना मागच्या खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "काय हलवू नगासा," एवढंच म्हणाल्या.

त्या गेल्यावर दोनच दिवसांनी सदलग्याहून एक बाई दोन बस बदलून आली. चाळिशीची, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. ती माहेरची आमच्याच गावची. वडील शिंपी होते, ते गेल्यावर भावानं त्यांची पुस्तकं वाचनालयात आणून दिली होती.

"त्यात एक कटिंगचं पुस्तक हाय, बाई. लाल कापडी बांधणीचं. कडंला अण्णांनी शाईनं आपली मापं लिवल्यात. त्यांचा मुंढा, काखेचा गोल, काढायचा हिशोबच येगळा हुता. त्यांनी शिवलेलं पोलकं काखेत कधी वडायचं न्हाय. मी आता दुकान चालवतो, पर मला त्यो मुंढा जमंना."

मी रजिस्टर काढलं. शिवणकाम, कटिंग, टेलरिंग, काय काय बघितलं. नाही. "नोंद नाही हो," म्हणाले.

"असंच सांगत्यात," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा आलो मी. दिलेलं पुस्तक गेलं कुटं मग?"

ती गेली आणि मी मागच्या खोलीचं कुलूप काढलं. भिंतीला लागून सात कपाटं आणि खाली पोत्यांच्या दोन रांगा. कपाटांत पुस्तकं ठासून भरलेली. एकाचीही रजिस्टरात नोंद नाही.

हे कसं झालं ते सांगते. आमच्या गावात एक रीत पडून गेली आहे. घरातलं वाचणारं माणूस गेलं की तेरावं उरकल्यावर त्याची पुस्तकं वाचनालयात आणून द्यायची. बरेचजण कपाटासकट देतात. त्यामुळं त्या कपाटांना नंबर नाहीत, घरं आहेत. वकिलांचं कपाट, कंपाउंडरचं कपाट, तंबाखूच्या वखारवाल्यांचं, पोस्टातल्यांचं. देणारे डोळे पुसत जातात, कमिटी त्यांना नारळ देते, आणि ग्रंथपाल म्हणतो, मंजुरी आली की नोंद करू. मंजुरी द्यायची कमिटीनंच. कमिटी पुढच्या बैठकीत बघू म्हणते. असं तीस-पस्तीस वर्षं चाललेलं. म्हणजे गावातली सगळी वाचणारी माणसं त्या खोलीत कोंडून ठेवलेली, आणि पुढच्या काउंटरवर आम्ही 'नोंद नाही' म्हणून लेकींना परत पाठवतोय!

मी तरातरा अध्यक्षांच्या घरी गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, ज्याची नोंद नाही ते पुस्तक नाही. कायद्यानं ते अस्तित्वातच नाही."

"मग कपाटात काय आहे?"

"रद्दी," ते म्हणाले. "आणि बरं झालं विषय काढलात. दोन महिन्यांनी सर्वसाधारण सभा आहे. ती खोली रिकामी करून स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका करायचा ठराव आणतोय. टेबलं, लाईट, इंटरनेट. तरुण पोरांना उपयोग आहे त्याचा."

अभ्यासिकेला माझा विरोध नव्हता, आजही नाही. पण पोरांना टेबल द्यायला त्यांच्याच आज्यांची पुस्तकं रद्दीवाल्याच्या हातगाडीवर का चढवायची? मी म्हटलं, "सभेच्या आत सगळ्याची नोंद झाली तर?"

ते हसले. "दोन महिन्यांत? एकट्या? करा की."

ते 'करा की' माझ्या अंगावर आलं. घरी येईपर्यंत मी रस्त्यात दोघांना ओळख दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच मी त्या खोलीत पदर खोचून उभी. पहिलं पुस्तक उघडलं. मागच्या पुठ्ठ्याच्या आत, कोपऱ्यात, पेन्सिलनं एक अक्षर. कन्नड. दुसरं उघडलं, तेच. तिसरं, चौथं, सगळं कपाट. पुढच्या कपाटात दुसरं अक्षर. माझं डोकं फिरलं.

आता इथं मला खरं लिहायला पाहिजे. मला कन्नड येत नाही असं नाही, चांगलं येतं. बँकेत, कचेरीत, दवाखान्यात मी कन्नडच बोलते. माझ्या निम्म्या मैत्रिणी घरात कन्नड बोलतात आणि त्यांच्या हातचं मी पोटभर जेवलेली आहे. पण सगळं आयुष्य ह्या भागात मराठी शाळेत काढलेल्या माणसाच्या मनात एक गाठ बसलेली असते. बोर्ड बदलताना बघितलेले असतात, फॉर्म बदलताना बघितलेले असतात, वर्गातली पोरं दरवर्षी दोन-चार कमी होताना मोजलेली असतात. त्यात आता मराठी पुस्तकाच्या पोटात शिरून कुणीतरी न विचारता आपलं अक्षर टाकून गेलंय! मला वाटलं, कुठल्या तरी कचेरीतला माणूस तपासणीला येऊन खुणा करून गेला असणार. हितं पण आलात का, म्हटलं. पर्समध्ये शाळेतलं रबर अजून होतं. बसले पुसत.

पाच दिवसांत मी तीन कपाटं आणि दोन पोती पुसली. नुसती पुसली नाहीत, शास्त्रशुद्ध केली. कादंबऱ्या एकीकडं, वैद्यक एकीकडं, शेती एकीकडं, धार्मिक खालच्या फळीवर. सगळ्या घरांची पुस्तकं एकमेकांत मिसळली. मला मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी घरी जाऊन चवीनं सांगत होते.

सहाव्या दिवशी आक्का आल्या. जत्रेचा प्रसाद माझ्या टेबलावर ठेवला आणि फडकं घेऊन मागं गेल्या. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला. "बाई, हिकडं येतासा काय जरा?"

त्या कपाटासमोर खाली बसल्या होत्या. मांडीवर एक पुस्तक उघडं, त्याचा मागचा पुठ्ठा त्यांनी वर धरलेला.

"हितलं अक्षर कुटं गेलं?"

"मी पुसलं," मी म्हटलं. "कुणीतरी सगळ्या पुस्तकांत कन्नडमध्ये रेघोट्या मारून ठेवल्या होत्या."

आक्कांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "त्या रेघोट्या माझ्या हुत्या."

मी कपाटावरचं रबर गुपचूप पर्समध्ये टाकलं.

आक्कांचं माहेर चिकोडीच्या बाजूचं. घरात मराठी, गावातली शाळा कन्नड. दुसरीपर्यंत गेल्या आणि शाळा सुटली. म्हणजे त्यांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, आणि कन्नडही जोडून वाचता येत नाही, नुसती अक्षरं येतात. पुस्तकं देऊन गेलेल्या घरातल्या बायका त्यांना बाजारात, नळावर, देवळात गाठून विचारायच्या, आमच्या मामंजींची पुस्तकं नीट हायत न्हवं? आमच्या आईची पोथी हाय न्हवं? उत्तर द्यायला पाहिजे म्हणून आक्कांनी स्वतःची खूण लावली. घराला जे म्हणतात त्याचं पहिलं अक्षर. वकिलांना 'व', कंपाउंडरला 'क', वखारवाल्यांचाही 'व' यायला लागला म्हणून त्याला खाली टिंब. नवीन घर आलं की नवीन खूण. तीस वर्षं. ज्या खोलीला अध्यक्ष 'नोंद नाही' म्हणत होते, तिची एकूण एक नोंद झालेली होती. आणि तिच्यातली बरीचशी मी रबरानं पुसून टाकली होती.

"मग आधी सांगायचं नाही का, आक्का? ती शिंप्याची लेक तीनदा येऊन परत गेली!" मी म्हटलं. माफी मागायच्या जागी हे बोलले. माझी जीभ अशीच आहे.

"तुमी इचारलासा का?" त्या म्हणाल्या. "कुणी इचारलं का मला कवा? ती शिंप्याची लेक तीनदा आली म्हणून सांगतासा. माझ्यापतोर आली असती तर हात धरून न्हेली असती. पर पयल्या दोन्ही वक्ताला पुढच्यानं पुढच्या पुढं लावून दिली. मी मागं फडकं मारतोय ते कुणाला दिसतंय?"

त्या उठल्या. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. सगळं वाचनालय झाडलं, फक्त माझ्या खुर्चीभोवतीचा कचरा तसाच ठेवला. मी त्या कचऱ्यात पाय ठेवून बसले होते. लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून राग येत होता, आणि राग काढायला समोर कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. पेपरवाल्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "आक्का, चुकलं माझं!" पेपर वाचणारे सातआठ म्हातारे एकदम वर बघायला लागले.

"एवढ्या मोठ्यानं कशाला?" आक्का म्हणाल्या. "ऐकू येतंय मला." आणि केरसुणी घेऊन माझ्या खुर्चीखाली शिरल्या.

त्या दिवसापासून आम्ही दोघी मागच्या खोलीत बसायला लागलो. माझं शास्त्रशुद्ध सगळं मोडलं. आक्का पुस्तक हातात घ्यायच्या, उलटंपालटं करायच्या, कधी नाकाशी न्यायच्या. "हे वखारीतलं. वास बघा." खरंच, इतक्या वर्षांनी तंबाखूचा वास येत होता. "हे कंपाउंडरचं, हितं औषधाचा डाग हाय." "हे पोस्टातल्यांचं. त्यो माणूस पान दुमडायचा, ह्ये बघा." मी लिहून घ्यायची. जिथं हात आणि नाक चाललं नाही तिथं आम्हांला खिडकी कामाला आली. साडेदहाच्या सुमाराला ऊन तिरपं आत येतं. पुठ्ठा त्या उन्हात आडवा धरला की पुसलेल्या अक्षराचा दाब दिसायचा. आक्कांनी पेन्सिल दाबून लिहिली होती हे माझं नशीब. ऊन खिडकीत असायचं जेमतेम पाऊण तास. तेवढ्यात आम्ही पन्नास-साठ पुस्तकं उलटायचो, आणि ढग आला की आक्का आभाळाला कन्नडमध्ये शिव्या द्यायच्या.

शिंप्यांचं पुस्तक असंच एका सकाळी सापडलं. मी ते स्वतःच्या हातानं 'इतर' ह्या गठ्ठ्यात टाकलं होतं.

"पण ती तर लाल म्हणाली होती," मी म्हटलं. हातातलं पुस्तक विटकरीसुद्धा नव्हतं, मातकट झालं होतं.

"तिनं बघितलं तवा लाल हुतं," आक्का म्हणाल्या. "आता फिकं झालंय. मागायला येणारा जुनं ध्यानात धरूनच येतंय की."

त्या एका वाक्यानं माझं रजिस्टर बदललं. पुस्तकाचं नाव, लेखक, विषय हे रकाने होतेच. त्यांच्यापुढं मी आणखी दोन आखले. एक, 'लोक काय म्हणून मागतात'. दुसरा, 'कुणाच्या घरचं'. पहिल्यात मी लिहायला लागले: लाल कापडी कटिंगचं. विहिरीवरचं, ज्यात दगडांची चित्रं आहेत ते. बाळंतिणीला काय द्यायचं ते. ग्रंथालयशास्त्रात हे बसतं का, मला माहीत नाही. आमच्या गावात कुणी पुस्तकाचं नाव घेऊन येत नाही. विहीर घेऊन येतं, बाळंतीण घेऊन येतं.

सदलग्याला फोन केला. ती दुकान बंद करून आली. पुस्तक काउंटरवरच उघडलं, पानं भराभर उलटली आणि एका पानावर तिचं बोट थांबलं. कडेला निळ्या शाईत पाच-सहा आकडे.

"हे माप आईचं हाय," ती म्हणाली. आक्कांनी तिला आतून पाणी आणून दिलं.

मंजुरी नव्हती, तरी मी रजिस्टरात पहिली नोंद केली आणि पुस्तक तिच्या हातात दिलं. म्हटलं, आणून द्यायची घाई करू नका. अध्यक्षांना समजल्यावर ते फोनवर म्हणाले, "बाई, तुम्ही बेकायदा नोंद केलीत." मी म्हटलं, "अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाची नोंद बेकायदा कशी होईल? तुम्हीच सांगा." त्यांनी फोन ठेवला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रजिस्टर वाचनालयात राहून उपयोग नव्हता. लोकांना कळायला पाहिजे होतं की मागं काय आहे. म्हणून घराघराच्या याद्या केल्या आणि जिथं माणूस दोन मिनिटं उभं राहतं तिथं चिकटवल्या. दूध डेअरी, पिठाची चक्की, सलून, बसस्टॉप. वर मोठ्या अक्षरात: कंपाउंडरच्या घरची पुस्तकं. खाली यादी. सगळी देवनागरीत.

आक्कांनी चक्कीवरची यादी बघितली आणि म्हणाल्या, "आन हे पोरींनी कसं वाचायचं? निम्म्या कन्नड शाळंत जात्यात. आज्याचं नाव तरी वाचू दे की त्यास्नी."

मी दोन दिवस तोंड वाकडं करून बसले. मग दुसरी यादी कन्नडमध्ये लिहायला घेतली. अक्षरं आक्का तपासायच्या, छडी नव्हती एवढंच. त्यावरून मला दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यावं लागलं. पेपर वाचायला येणारा एकजण म्हणाला, "बाई, तुम्ही मराठीच्या म्हणवता, आणि ही कन्नड यादी?" मी विचारलं, तुमच्या वडलांची पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत ते सांगता का? त्यानं पेपर तोंडापुढं धरला. आणि डेअरीवरची मराठी यादी कुणीतरी फाडली. मी दुसऱ्या दिवशी तिथं दोन लावल्या. डेअरीवाला म्हणाला, आणखी फाडली तर मी बघतो.

मग माणसं यायला लागली. कंपाउंडरची नात आली, ती बेळगावात नर्स आहे. आजोबांनी औषधांच्या पुस्तकात लिहून ठेवलेल्या टिपा तिनं मोबाईलवर फोटो काढून नेल्या. उचगावकडचा एक शेतकरी, आमच्या गावचा जावई, बटाट्यावरचं जुनं पुस्तक शोधत आला आणि मिळाल्यावर तिथंच खाली बसून वाचायला लागला. एक सासू-सून आल्या, आपल्या घरची पुस्तकं नुसती बघून गेल्या, काही नेलं नाही. पुन्हा आल्या तेव्हा शेजारच्या घरची घेऊन गेल्या. आक्का आता मागच्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसायला लागल्या होत्या, आणि आलेला माणूस आधी त्यांना विचारून मग माझ्याकडं यायचा. मला जरा पोटात दुखलं. पण गपचूप सोसलं.

सभेच्या आदल्या दिवशी सगळी कपाटं आणि सगळी पोती रजिस्टरात आली होती. सगळी. फक्त एक्केचाळीस पुस्तकांपुढं 'कुणाच्या घरचं' हा रकाना रिकामा राहिला. त्या पुठ्ठ्यांवर माझं रबर जरा जास्तच चाललं होतं. ऊन काही दाखवत नव्हतं, वास नव्हता, डाग नव्हता, आणि आक्कांनी तीनदा हातात घेऊन मान हलवली होती. मनात आलं, टाकावं कुठलं तरी घर. वकिलांचं टाकलं तर कोण बघतंय? पेन टेकवलंसुद्धा. पण आक्का समोर बसल्या होत्या. खोटं अक्षर त्यांनी तीस वर्षांत एक लिहिलं नव्हतं. मी पेन बंद केलं.

सभेला एरवी पंधरा माणसं येतात. त्या दिवशी पेपरची खोली भरली, व्हरांडा भरला. सदलग्याची ती बाई मोजपट्टी गळ्यात घालूनच आली होती. अध्यक्षांनी आधी माझं कौतुक केलं. वकील कौतुक करायला लागला की मी सावध होते. मग त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं आणि चष्मा लावून पानं उलटत राहिले. एका पानावर थांबले. पुढं गेले, परत थांबले.

"बाई, हा रकाना काही ठिकाणी रिकामा आहे."

"एक्केचाळीस ठिकाणी," मी म्हटलं.

"का?"

सगळी खोली माझ्याकडं बघत होती. मी उभी राहिले. "त्या पुस्तकांत आक्कांनी घराची खूण करून ठेवली होती. कन्नडमध्ये. मला कन्नड अक्षर बघून राग आला आणि मी ती पुसली. रबर माझं, चूक माझी. इथं कुणाच्या घरची पुस्तकं त्यात असतील तर मी त्यांच्या पाया पडते."

कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "शाबास!" आणि ते शाबास चांगलं नव्हतं. मी ऐकून घेतलं. ऐकण्यासारखंच केलं होतं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "प्रामाणिकपणाबद्दल आभार. पण एक्केचाळीस पुस्तकं कुणी दिली ह्याला आता आधार नाही. म्हणजे नोंद अपुरी. नोंद अपुरी तर रजिस्टर अपुरं, आणि रजिस्टर अपुरं तर ते मंजूर करता येत नाही. ठराव कायम राहतो. खोली रिकामी करावी लागेल."

"सगळी?" मी ओरडले. लेथ मशीनवरचा आवाज होता तो. "माझ्या चुकीसाठी सगळ्यांची पुस्तकं घालवता? मला काढा! आजच काढा! पण त्या खोलीला हात लावायचा नाही!"

"भावनेचा प्रश्न नाही, बाई. रकान्याचा आहे. तिथं घर लागतं."

"माझं घर लिवा."

आक्का मधल्या दारात उभ्या होत्या. हातात फडकं तसंच.

अध्यक्ष हसले, अगदी वाईट नाही, पण हसले. "आक्का, तुझ्या घरात पुस्तकं कधी होती गं?"

"तुमच्या घरात तरी कुटं हायत आता?" आक्का म्हणाल्या. "तुमच्या वडलांचं कपाट तर हितंच हाय. पयलं कपाट तेच. तीस वर्सं मी पुसतोय त्येला. तुमी एकदा तरी उघडलासा? ह्या एक्केचाळिसांचं कुणी नसंल तर माझं म्हणा. पुसलीत मी, उंदरापासनं राखलीत मी, पाणी गळलं तवा पोटाशी धरून पुढं आणलीत मी. आनी काय करत्यात घरातली?"

अध्यक्षांनी चष्मा परत लावला आणि रजिस्टर पुन्हा पुढं ओढलं. व्हरांड्यातून कंपाउंडरची नात म्हणाली, "लिहून टाका की, काका." मग दोन-चारजण म्हणाले. मग बरेच. हे कायद्यात बसतं का, मला माहीत नाही. अध्यक्षांना माहीत असणार. पण त्यांनी रजिस्टर सेक्रेटरींकडं सरकवलं.

"लिहा," ते म्हणाले.

सेक्रेटरींनी पेन उघडलं, आणि ते पेन हवेतच राहिलं. त्यांनी अध्यक्षांकडं बघितलं. अध्यक्षांनी माझ्याकडं. मी आक्कांकडं. दर महिन्याच्या पगारपत्रकात 'सफाई' एवढंच लिहिलेलं असायचं. दोन महिने मी त्या बाईच्या मांडीला मांडी लावून बसले होते, गावातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाचं नाव तिला विचारून लिहून घेतलं होतं. तिचं विचारलं नव्हतं.

"आक्का," सेक्रेटरी खाली बघत म्हणाले, "पूर्ण नाव काय तुमचं?"

आक्कांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि नाव सांगितलं. आपलं, नवऱ्याचं, आडनाव, सावकाश. मी सेक्रेटरींच्या हातातून पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं. एक्केचाळीस वेळा लिहिलं, 'वरीलप्रमाणे' असं एकदाही नाही. सभा तोवर थांबली. कुणी उठून गेलं नाही.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. ते रजिस्टरात आहे. ज्याला पाहिजे त्यानं वाचनालयात यावं, मागच्या खोलीच्या दारात स्टुलावर बसलेल्या बाईंना विचारावं. आता विचारलं की सापडतं.